ओ देणं

राखेच्या बुधवारी उपासनेहून घरी आलो
आणि रत्नाला सांगितलं, चाळीस दिवस साखर बंद.
ती अण्णांची चादर पिळत होती, दिवसातली तिसरी.
म्हणाली, साखर राहू दे.
बुधवारची सभा सोड. शुक्रवारचीही.
जमलं तर दापोडीची शनिवारची.

मी तिला समजावलं. बावीस वर्षं
मी लोकांना हेच समजावत आलोय,
बोपोडीच्या चाळीत, येरवड्याच्या पत्र्यांखाली,
सतरंजीवर मांडी घालून, डोळे मिटून:
स्वतःला नाकारा, आपापला वधस्तंभ उचला.
या वाक्याला माझा आवाज हमखास भरून येतो.
ती ऐकत होती.
पिळलेल्या चादरीतून अजून थोडं पाणी निघालं.

मग एका शुक्रवारी तिलाच ताप भरला, म्हणून थांबलो.
त्यागबिग काही नव्हता.
मिखल क्लासला गेलेली. कारखान्याचा भोंगा होऊन गेलेला,
खडकी बाजाराकडे स्कूटरींची रीघ.
अण्णांच्या पायाची नखं वाढली होती,
पिवळी, जाड, शिंगासारखी.
परातीत कोमट पाणी घेतलं, चिमूटभर मीठ,
पाय भिजत ठेवले.
अण्णा म्हणाले, शमू, कधी आलास?

शमू माझा थोरला.
मस्कतला गेला आणि तिथल्याच मातीत राहिला,
एकोणीस वर्षं झाली.
गेलं दीड वर्ष अण्णा मला शमूच म्हणतात
आणि मी दर वेळी दुरुस्त करतो:
मी तिमा, अण्णा. तीमथ्य. धाकटा.
शमू नाही आता.
दर वेळी त्यांच्या तोंडावर तो नव्यानं मरतो.
खोटं बोलू नये, एवढंच पाळतोय असं मी म्हणायचो.
खरं तर मला माझं नाव हवं होतं.
या घरात राहिलं कोण? आईला दवाखान्यात नेलं कोण?
हिशेब पाठ होता मला, प्रार्थनेइतकाच.

त्या संध्याकाळी नेलकटर अंगठ्याच्या नखात अडकलेलं,
दोन्ही हात गुंतलेले,
आणि तोंडातून निघून गेलं, आत्ताच आलो, अण्णा.

जेवलास?
जेवलो.
तिकडं उकडतं का रे फार?
उकडतं. पण खोलीत एसी आहे.
(कुठून सुचला एसी, देव जाणे.)
अण्णा हसले. दात नसलेलं, सबंध हसले.
मग म्हणाले, आपला तिमा कुठंय?

हात थांबला माझा.
सभेला गेलाय, म्हटलं.

हं. पाण्यात बोटं हलवत राहिले.
गुणी पोर आहे. देवाचं फार करतो.
भेटला तर त्याला एवढं सांग, शमू, की,

आणि पुढचं विसरले.

मी वाट पाहिली.
पाणी गार होईस्तोवर पाहिली.

शेकोटीपाशी एकानं तीनदा म्हटलं होतं,
त्या माणसाला मी ओळखत नाही.
त्याच्यावर कितीदा बोललोय मी,
कोंबडा आरवूनही दाखवलाय, पोरं खिदळतात.
मी एकदाच म्हटलं, तेही स्वतःविषयी:
तो इथं नाही.
कुठला कोंबडा आरवला नाही.
पुलावरून मालगाडी गेली, बराच वेळ जात राहिली.

नखं कागदात गुंडाळली, परात मोरीत ओतली.
रत्ना तापातच उठून चहा करत होती.
माझ्या कपात तिनं दोन चमचे साखर घातली,
न विचारता, माझ्याकडे बघत.
मी कप उचलला.

आतून हाक आली, शमू.
ओ, म्हणालो,
आणि कप तसाच ठेवून आत गेलो.